नाशिकहून संगीतातील पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन : प्रश्न ठरवण्यापासून प्रबंध सादर करण्यापर्यंत

विशारद झाल्यावर पुढे काय, हे नाशिकमधील संगीतशिक्षकांना दरवर्षी विचारले जाते आणि उत्तर बहुधा ‘अलंकार करा’ एवढ्यावरच थांबते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद आणि अलंकारपर्यंतच्या परीक्षांनी महाराष्ट्रात संगीतशिक्षणाची घडी बसवली, यात शंका नाही. परंतु विद्यापीठातील पदव्युत्तर अभ्यास आणि त्यापुढचे संशोधन ही त्याच परीक्षांची पुढची इयत्ता नव्हे. तिथे किती राग येतात याला महत्त्व असतेच, पण गाण्याविषयी विद्यार्थी कोणता प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर कोणत्या पुराव्यावर उभे करतो, यावर त्याची खरी पारख होते. भारतातील विद्यापीठात किंवा परदेशी विद्यापीठाच्या कॉन्झर्वेटोरियममध्ये, म्हणजे विद्यापीठाला जोडलेल्या संगीत महाविद्यालयात, एम.ए., एम.म्युझ. (मास्टर ऑफ म्युझिक) किंवा पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांसाठी ही वाटचाल येथे क्रमाने मांडली आहे.

नाशिकचा या विषयाशी संबंध जुना आहे. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ते नाशिकला, रामनाम आधार आश्रमात, राहिले. त्यांचे पुत्र द. वि. पलुसकर यांचा जन्मही १९२१ मध्ये नाशिकचाच. संगीत वर्गात, वेळापत्रकाने आणि अभ्यासक्रमाने शिकवता येते, हे पलुसकरांनी दाखवून दिले, आणि बनारस हिंदू विद्यापीठाने १९५० मध्ये आपल्या संगीत महाविद्यालयाची धुरा सोपवली ती त्यांचेच शिष्य पं. ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे. असे असूनही आपल्याकडे मैफलींची चर्चा जितकी होते तितकी प्रबंधांची होत नाही, आणि त्यामुळेच बरीच गुणी मुले या वाटेकडे वळत नाहीत.

पहिला टप्पा : पदवीचा प्रकार ओळखणे

संगीतातील पदव्युत्तर पदव्या नावाने सारख्या दिसल्या तरी आतले काम वेगवेगळे असते. भारतातील एम.ए. संगीत ही मुख्यतः दोन वर्षांच्या वर्गशिक्षणाची पदवी आहे. तीत ठरावीक रागांची तयारी, मंचप्रदर्शन, शास्त्राच्या लेखी परीक्षा आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर एक संशोधन प्रकल्प असतो. नाशिकहून सोयीचे पर्याय म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे १९८७ मध्ये सुरू झालेले ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग, ज्याच्या जडणघडणीत संगीतशास्त्रज्ञ डॉ. अशोक दा. रानडे यांचा मोठा वाटा होता. थोडे दूर जाण्याची तयारी असेल तर बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे, जिथल्या संगीतशाळेची परंपरा १८८६ पर्यंत मागे जाते. १९२६ च्या मॅरिस कॉलेजातून वाढलेले लखनौचे भातखंडे विद्यापीठ आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेले खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. आणि बनारस आहेच.

परदेशात कॉन्झर्वेटोरियम हा प्रकार विद्यापीठाच्या छत्राखाली सर्वांत ठळकपणे ऑस्ट्रेलियात दिसतो. सिडनीचे कॉन्झर्वेटोरियम १९१५ चे असून १९९० पासून ते सिडनी विद्यापीठाचा भाग आहे. मेलबर्नचे १८९५ चे आहे. ब्रिस्बेनमधील क्वीन्सलँड कॉन्झर्वेटोरियम ग्रिफिथ विद्यापीठात आहे. अशा ठिकाणी साधारण तीन वाटा असतात. पहिली वर्गशिक्षण आणि सादरीकरणाची मास्टर्स. दुसरी संशोधनाची मास्टर्स, जी पूर्णवेळ एक ते दोन वर्षांत होते. तिसरी पीएच.डी., जिला तीन ते चार वर्षे लागतात आणि जी पुन्हा दोन प्रकारे करता येते: संपूर्ण लेखी प्रबंध, किंवा मैफली, रचना अथवा ध्वनिमुद्रणे यांचा संच आणि त्यासोबत तुलनेने आटोपशीर लेखी प्रबंध. दुसऱ्या प्रकारात गाणे हे संशोधनाचे साधनही असते आणि फलितही, म्हणून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना तो जवळचा वाटतो. मात्र चार उत्तम मैफली करून त्यांचे वर्णन लिहिले की पीएच.डी. झाली, असा समज करून कोणी गेले तर पहिल्याच वार्षिक आढाव्यात अडचण येते, कारण प्रत्येक मैफलीतून कोणत्या प्रश्नाचा कोणता भाग सुटला, हे तिथे दाखवावे लागते.

अमेरिकेत पीएच.डी.ची पहिली दोन-तीन वर्षे वर्गशिक्षणात आणि सर्वंकष परीक्षांत जातात; लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि वेस्लियन विद्यापीठ ही लोकसंगीत व जगभरच्या संगीतपरंपरांच्या अभ्यासासाठी जुनी नावे आहेत. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या कोडार्ट्समध्ये हिंदुस्थानी संगीताचा विभाग पं. हरिप्रसाद चौरसिया यांच्या मार्गदर्शनाखाली वाढला, पण त्याचा कल सादरीकरणाकडे आहे.

ज्याला केवळ मंचावर गायचे आहे त्याने पीएच.डी.च्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती वर्षे गुरूंकडे बसण्यात अधिक कारणी लागतात. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर एम.ए. आणि नेट किंवा सेट (अध्यापनासाठीची राष्ट्रीय वा राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) हा सरळ मार्ग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत आकाशवाणी-दूरदर्शनच्या ‘ए’ श्रेणीच्या कलाकारांसाठी वेगळी वाटही ठेवलेली आहे. पदवी, नामवंत गुरूंकडील तालीम आणि विषय सोदाहरण समजावून सांगण्याची क्षमता या अटींवर त्यांना सहायक प्राध्यापकपदासाठी विचारात घेतले जाते. ही तरतूद अनेक चांगल्या कलाकारांना ठाऊकच नसते.

दुसरा टप्पा : पात्रता तपासणे

विशारद म्हणजे बी.ए. संगीत, असे गृहीत धरून अर्ज भरणारे पुष्कळ असतात. विशारदाला समकक्षता द्यायची की नाही आणि कोणत्या अटीवर, हे प्रत्येक विद्यापीठ आपल्यापुरते ठरवते. काही ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी आणि विशारद असे दोन्ही असले तरच एम.ए.ला बसता येते. म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचून शंका असल्यास विभागाकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी मिळालेले ‘चालेल’ प्रवेशाच्या खिडकीवर कामाला येत नाही.

भारतातील पीएच.डी.साठी अनुदान आयोगाची २०२२ ची नियमावली लागू आहे. एम.ए.ला किमान ५५ टक्के गुण लागतात आणि आरक्षित प्रवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक व दिव्यांग यांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्यांनाही दार उघडे आहे. किमान कालावधी तीन वर्षे, कमाल सहा वर्षे, त्यापुढे मर्यादित मुदतवाढ. किमान १२ श्रेयांकांचा कोर्सवर्क पूर्ण करावा लागतो. एम.फिल. आता बंद झाले आहे. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: अध्येतावृत्तीसह सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक व पीएच.डी. प्रवेश, आणि केवळ पीएच.डी. प्रवेश. पहिल्या पेपरला ५० आणि संगीताच्या दुसऱ्या पेपरला १०० प्रश्न, वेळ एकूण तीन तास. आवाज कितीही तयार असला तरी या दुसऱ्या पेपरात ग्रंथपरंपरा, श्रुतिस्वरव्यवस्था, कर्नाटक संगीताची मूलतत्त्वे आणि संशोधनपद्धती यांचा अभ्यास करावाच लागतो, आणि विशारदाच्या शास्त्राच्या वह्या त्याला अपुऱ्या पडतात.

ऑस्ट्रेलियात संशोधनपदवीसाठी आधीच्या शिक्षणात संशोधनाचा ठोस भाग असणे अपेक्षित असते. एम.ए.तील प्रकल्प केवळ गुणांसाठी उरकलेला असेल तर येथे तो आडवा येतो, म्हणून एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातच तो नीट, संदर्भांसह आणि शक्य तर इंग्रजीत लिहावा. इंग्रजीच्या परीक्षेत आयईएलटीएसचे सरासरी ६.५ ते ७ गुण साधारणपणे मागितले जातात आणि तो निकाल दोन वर्षे चालतो.

तिसरा टप्पा : प्रश्न

आधी विद्यापीठ ठरवायचे आणि मग तिथे चालेल असा विषय शोधायचा, हा आपल्याकडचा रूढ क्रम उलटा केला पाहिजे. प्रश्न ठरला की मार्गदर्शक कोण असावा हे कळते, मार्गदर्शक ठरला की विद्यापीठ ठरते, आणि विद्यापीठ ठरले की खर्चाचा हिशेब मांडता येतो.

‘ग्वाल्हेर घराण्याचा चिकित्सक अभ्यास’ किंवा ‘मराठी नाट्यसंगीत : एक आढावा’ हे विषय आहेत, प्रश्न नाहीत. विषयाचा प्रश्न कसा होतो, हे नाशिकच्याच एका उदाहरणाने पाहू. नाशिक ढोल महाराष्ट्रभर माहीत आहे. गणेशोत्सवात इतर शहरांतही त्याच नावाने वादन होते. ‘नाशिक ढोलाचा अभ्यास’ असे शीर्षक दिले तर तीन वर्षांत काय मोजायचे, कोणाला भेटायचे, काय ध्वनिमुद्रित करायचे, यांपैकी काहीच ठरत नाही. आता हेच जरा बारकाईने पाहा. ढोलाच्या एका पानावर टिपरू पडते, दुसऱ्यावर हाताची थाप. सराव मोकळ्या मैदानात उभ्याने होतो, मिरवणुकीत मात्र तेच वादन चालत, थांबत, गर्दीत आणि दुतर्फा इमारतींच्या मधून घुमणाऱ्या आवाजात करावे लागते. सरावात ठरलेली लय मिरवणुकीत किती वाढते, ती कोण वाढवतो, ताशावाला की पुढे उभा राहून इशारे करणारा पथकप्रमुख, आणि मागच्या रांगेतल्या ढोलवाल्यांपर्यंत तो बदल किती उशिरा पोहोचतो? हा प्रश्न आहे. त्याला दोन पथके पुरतात, एक हंगाम पुरतो, पुढे-मागे ठेवलेले दोन ध्वनिमुद्रक पुरतात, आणि उत्तर कोणतेही आले तरी ते सांगण्यासारखे असते.

दुसरे उदाहरण कळवण, सुरगाणा, बागलाण या भागांतले. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात वाळलेल्या भोपळ्याची आणि बांबूची पावरी, हे फुंकून वाजवायचे वाद्य, वाजते. कोकणा समाजात काशाच्या थाळीत मेणाने काडी उभी करून, ती बोटांनी ओढत, त्या गुंजनावर कणसरी या धान्यदेवतेची कथा रात्रभर गायली जाते. या थाळीच्या स्वराशी गायकाचा आधारस्वर किती जुळतो, रात्र चढत जाते तसा तो सरकतो का, आणि सरकला तर गायक पुन्हा थाळीकडे येतो की थाळीवाला नवी काडी लावतो, हे एका रात्रीच्या सलग ध्वनिमुद्रणातूनही तपासायला सुरुवात करता येईल. अशा परंपरांवर समाजशास्त्राच्या अंगाने लिहिले गेले आहे. स्वराच्या आणि लयीच्या अंगाने अजून बरेच काम बाकी आहे.

रागसंगीतातही हेच लागू पडते. ‘दरबारीचा आंदोलित गंधार’ हा मैफलीनंतरच्या गप्पांचा आवडता विषय. पण त्याचा प्रश्न करायचा तर कोणते कलाकार, कोणत्या सालची ध्वनिमुद्रणे, आलापातला गंधार की तानेतला, आरोही संगतीतला की अवरोही, हे आधी ठरवावे लागते. इथे तांत्रिक पथ्येही आहेत. खर्जाच्या तारेतून पाचवा स्वयंभू नाद म्हणून शुद्ध गंधार, षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर (सप्तकाचे १२०० सेंट धरतात), आपोआप निघतो, आणि तानपुऱ्याचा आवाज मोठा असेल तर स्वरमापनाचे सॉफ्टवेअर गायकाच्या कोमल गंधाराऐवजी तोच पकडण्याचा धोका असतो. त्यात हार्मोनियमची साथ मिसळली की आकडे पाहून हसू येते. म्हणून गायकाचा स्वतंत्र ट्रॅक उपलब्ध असलेलीच ध्वनिमुद्रणे निवडावीत किंवा नवी करून घ्यावीत. सॉनिक व्हिज्युअलायझर आणि प्राट ही दोन्ही साधने मोफत आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात.

प्रश्न सुचल्यावर तो आधी कोणी सोडवला आहे का, हे पाहावे. भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा हे संकेतस्थळ पहिले. जुन्या मराठी लिखाणासाठी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘संगीत कला विहार’ मासिकाचे जुने अंक चाळावेत, आणि १८४० मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन जुनी नियतकालिके स्वतः हाताळावीत. सूचीत न सापडणाऱ्या कितीतरी गोष्टी तिथे सापडतात. ध्वनिमुद्रणांसाठी गुरुग्रामचे १९८२ पासूनचे अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संग्रहालय, दिल्लीची संगीत नाटक अकादमी आणि मुंबईचे एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) ही ठिकाणे आहेत. वाचलेल्या प्रत्येक नोंदीचा संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोसारख्या साधनात ठेवावा.

चौथा टप्पा : मार्गदर्शक आणि प्रस्ताव

भारतात मार्गदर्शकाला प्रत्यक्ष भेटण्याची पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे. पुण्याला किंवा मुंबईला जाण्याआधी वेळ मागून घ्यावी, सोबत दोन पानी टिपण न्यावे, आणि त्यांच्याकडे जागा रिक्त आहे का हे विचारायला संकोचू नये, कारण एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असावेत यावर मर्यादा आहे. परदेशी प्राध्यापकाला ईमेल पाठवायचे असते आणि तिथे नम्रता जपूनही थोडक्यात लिहावे लागते. ‘आपल्या महान संस्थेत शिकण्याचे माझे बालपणापासूनचे स्वप्न आहे’ यासारखे वाक्य काढून टाकावे. पहिल्या परिच्छेदात प्रश्न, दुसऱ्यात त्यासाठी तुमची तयारी (गुरू, वर्षे, मिळालेली ध्वनिमुद्रणे, भाषा), तिसऱ्यात त्या प्राध्यापकाच्या नेमक्या कोणत्या कामाशी हा प्रश्न जुळतो ते. एवढे अर्ध्या पानात बसले पाहिजे. एकच मजकूर वीस जणांना पाठवला तर तो ओळखू येतो.

कॉन्झर्वेटोरियममधील मार्गदर्शकाला हिंदुस्थानी संगीत येत असेलच असे नाही. त्याला सादरीकरणाधारित संशोधनाची पद्धत, लयीचे विश्लेषण किंवा क्षेत्रकार्य यांपैकी काहीतरी उत्तम येत असले आणि सहमार्गदर्शक म्हणून भारतातील जाणकार जोडता येत असला, तर ती जोडी पुष्कळदा एकट्या जाणकारापेक्षा उपयोगी ठरते, कारण आपल्याला स्वयंस्पष्ट वाटणाऱ्या गोष्टी त्या अपरिचित मार्गदर्शकाला शब्दांत समजावून द्याव्या लागतात. सुरुवातीलाच विचारून घ्यावे, की तालमीची सोय कोण करणार. गुरू नाशिकला आणि विद्यार्थी मेलबर्नला, अशी तीन वर्षे काढायची असतील तर सुट्टीतील तालमीचे महिने आणि त्यांचा प्रवासखर्च प्रस्तावातच लिहिलेला असावा.

प्रस्ताव साधारण दीड ते दोन हजार शब्दांचा होतो, पण नेमकी मर्यादा विद्यापीठ देते तीच पाळावी. त्यात प्रश्न, आधीच्या कामाचा आढावा, पद्धत, साधने, वेळापत्रक आणि अपेक्षित फलित यावे. आढाव्यात पुस्तकांची यादी देऊन चालत नाही. कोणी काय म्हटले आहे आणि त्यात कोणती जागा मोकळी राहिली आहे, हे सांगावे लागते. वेळापत्रक महिन्यांनुसार द्यावे, आणि त्यात आपले ऋतू व उत्सव दिसले पाहिजेत: डोंगऱ्यादेव मार्गशीर्षातच भेटणार, निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला येणाऱ्या दिंड्यांचे भजन पौष वद्य एकादशीच्या सुमारासच ऐकायला मिळणार. २०२७ च्या सिंहस्थावर ध्वनीच्या अंगाने काम करण्याचा मोह अनेकांना होईल. परंतु परदेशी विद्यापीठातील प्रवेश आणि नीतिसमितीची (संशोधनातील नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) परवानगी यांतच वर्ष-दीड वर्ष जाऊ शकते, तेव्हा तो विषय आधीच नोंदणी झालेल्यांनीच घ्यावा.

पाचवा टप्पा : ध्वनिमुद्रण

सादरीकरणाच्या कोणत्याही पदवीसाठी आणि सादरीकरणाधारित पीएच.डी.साठी नमुना ध्वनिमुद्रण मागतात. येथे मैफलीतली जुनी चित्रफीत पाठवणे टाळावे, कारण तीत टाळ्या आणि प्रतिध्वनी खूप असतो. घरीच, पण नीट करावे. पंचवटीत किंवा भद्रकालीत राहणाऱ्यांना घंटा, गाड्या आणि भाजीवाले यांच्यामुळे दिवसा शांतता मिळत नाही. रात्री उशिरा, पंखा आणि फ्रिज बंद करून, गाद्या-पडदे असलेल्या खोलीत बसावे. मायक्रोफोन गायकापासून हात-दीड हातावर, तोंडाच्या रेषेपेक्षा किंचित खाली किंवा बाजूला. तबला शक्य असल्यास वेगळ्या ट्रॅकवर. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट, वेव्ह स्वरूप. तारसप्तकातील सर्वांत जोरकस जागा आधी गाऊन पातळी लावावी आणि ती उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. एका रागाचा विलंबित व द्रुत ख्याल मिळून वीसेक मिनिटे आणि वेगळ्या प्रकृतीची एक छोटी चीज, हे बहुतेक ठिकाणी पुरते. मधे कापाकापी करू नये. परीक्षकाला राग माहीत नसेल, हे धरून सोबत एक पानभर टिपण द्यावे: राग, ताल, बंदिशीचे बोल व अर्थ, साथीदारांची नावे आणि कोणत्या मिनिटाला काय सुरू होते.

गुरूंकडून मिळालेली खास बंदिश पाठवायची असेल तर आधी गुरुजींना विचारावे. प्रबंध पुढे जगभर खुला होतो, आणि घरातली चीज तिथे जाणे सगळ्यांनाच रुचते असे नाही.

सहावा टप्पा : पैसे आणि कागदपत्रे

भारतात नेटमधून कनिष्ठ अध्येतावृत्ती (जेआरएफ) मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतील पीएच.डी. करणाऱ्यांना अध्येतावृत्ती देतात. परदेशातील शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या योजना विद्यापीठाबाहेरच्यांनाही खुल्या असतात: १८ ते २५ वयोगटातील तरुण कलाकारांसाठी दरमहा ५,००० रुपये, २५ ते ४० साठी कनिष्ठ अध्येतावृत्ती १०,००० आणि त्यापुढील वयासाठी वरिष्ठ अध्येतावृत्ती २०,००० रुपये, प्रत्येकी दोन वर्षे. प्रश्न चांगला आहे पण प्रवेशाची घाई नाही, अशा वेळी मधली कनिष्ठ अध्येतावृत्ती घेऊन क्षेत्रकार्याचा पाया घालणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

ऑस्ट्रेलियात संघराज्य सरकारची रिसर्च ट्रेनिंग प्रोग्रॅम ही योजना विद्यापीठांमार्फत चालते; ती मिळाली तर शुल्क माफ होते आणि निर्वाहभत्ताही मिळू शकतो, पण परदेशी विद्यार्थ्यांत स्पर्धा तीव्र असते. वर्गशिक्षणाच्या मास्टर्सला अशी मदत फारशी नसते, म्हणून कर्ज काढून तिकडे जाण्याआधी दोनदा विचार करावा. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपी शिष्यवृत्ती देते. पीएच.डी.ची नोंदणी भारतात असेल तर फुलब्राइट-नेहरू डॉक्टोरल अध्येतावृत्तीवर सहा ते नऊ महिने अमेरिकेत काम करता येते. पुण्यात नोंदणी करून बाहेरच्या ग्रंथालयांचा आणि मार्गदर्शकांचा लाभ घेण्याचा हा मार्ग कमी खर्चाचा आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात: सर्व गुणपत्रिका, विद्यापीठाकडून घेतलेले ट्रान्सक्रिप्ट, पासपोर्ट, दोन शिफारसपत्रे. शिफारसपत्रांपैकी एक गुरूंचे आणि एक तुमचे लेखन वाचलेल्या प्राध्यापकाचे असावे. दोन्ही गुरूंचीच दिली तर लेखनाविषयी कोणीच बोलत नाही. सर्व कागदपत्रांवरील नावाचे स्पेलिंग एकसारखे आहे का, हे आधीच पाहावे. विवाहानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींची येथे सर्वांत जास्त अडवणूक होते, तेव्हा राजपत्रातील नोंदीची प्रत जवळ ठेवावी.

सातवा टप्पा : क्षेत्रकार्य

परदेशी विद्यापीठात नोंदणी असेल तर नीतिसमितीची परवानगी येईपर्यंत संशोधनासाठी एकही मुलाखत घेता येत नाही. संमतिपत्र मराठीत असावे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते मोठ्याने वाचून तोंडी संमती ध्वनिमुद्रित करण्याची तरतूद अर्जातच मागून घ्यावी. कळवणकडच्या पाड्यावर कोणी अनोळखी माणसाने कागदावर सही मागितली तर लोक बिचकतात, आणि ते योग्यच आहे. म्हणून पहिल्या भेटीत मुद्रक बाहेर न काढता नुसते ऐकावे, गावातल्या शिक्षकाला किंवा आशा सेविकेला सोबत घ्यावे, आणि पावरीवाल्या बाबांना हे गाणे कोणापुढे वाजले तर चालेल आणि कोणापुढे नाही, हे विचारावे. उत्सवातले काही भाग बाहेरच्यांसाठी नसतात. मानधन किती आणि कधी देणार, हे आधी सांगावे व पावतीसह द्यावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचे हक्क ५० वर्षे आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो, हे जुनी तबकडी किंवा नवे मुद्रण प्रबंधासोबत जोडताना लक्षात ठेवावे.

प्रत्येक मुद्रणाला त्याच रात्री नाव द्यावे: तारीख, गाव, कोण, काय. मूळ फाइलला हात न लावता तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

आठवा टप्पा : लेखन आणि परीक्षण

लेखन शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवू नये. पहिल्या सहा महिन्यांत एक प्रकरण, कच्चे का असेना, हातावेगळे करावे. स्वरलेखन भातखंडे पद्धतीत असो वा पलुसकर पद्धतीत, चिन्हांची किल्ली सुरुवातीला द्यावी, आणि परदेशी परीक्षकांसाठी प्रत्येक उदाहरणापुढे ध्वनिमुद्रणातील मिनिट-सेकंद लिहावे, म्हणजे त्यांना ते ऐकून पडताळता येते. भारतात साम्यतपासणीचा, म्हणजे मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो याचा, अहवाल जोडावा लागतो आणि १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य धरले जाते. बंदिशींचे बोल आणि ग्रंथांतील श्लोक यांमुळे आकडा फुगतो, म्हणून अवतरणे अवतरणचिन्हांतच आहेत का, हे आधी पाहावे. भारतात बाह्य परीक्षकांच्या अहवालानंतर खुली मौखिक परीक्षा होते. ऑस्ट्रेलियात बाहेरच्या परीक्षकांच्या लेखी अहवालांवर परंपरेने बराच भर असतो, आणि ‘किरकोळ दुरुस्त्यांसह मान्य’ हा निकाल तिथे नेहमीचाच समजतात, त्यामुळे तो आल्यावर खचून जाण्याचे कारण नाही.

पदवी हाती आल्यावर ध्वनिमुद्रणे विद्यापीठाच्या किंवा एखाद्या संग्रहालयाच्या भांडारात जमा करावीत, आणि ज्यांनी ती करू दिली त्यांना त्यांच्या प्रती द्याव्यात. या प्रती वेव्ह स्वरूपात न देता एमपी-३ करून मेमरी कार्डावर द्याव्यात, प्रत्येक फाइलला मराठीत नाव द्यावे, आणि समोरच्यांच्या मोबाइलवर त्या वाजतात याची तिथेच खात्री करून घ्यावी.